नानांचा भाडेकरू

माझ्या वडिलांनी मला घर भाड्याने दिलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि त्याच घरात माझी बावीस वर्षं काढून झाली होती.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावात पाटबंधारे खात्यात मी कनिष्ठ अभियंता होतो. जानेवारी संपत आला की आमचे लेखापाल प्रत्येकाच्या टेबलावर एक कागद ठेवत. वर्षभरात काय काय बचत केली ते त्यावर लिहून द्यायचं. भविष्य निर्वाह निधी, विम्याचे हप्ते, पोस्टातली राष्ट्रीय बचत पत्रं. सरकारचं म्हणणं असं की नोकरदार माणसाने पैसे साठवावेत, म्हणजे सरकार त्याच्या करात सूट देईल. फेब्रुवारीत सगळं ऑफिस पोस्टाच्या रांगेत उभं असायचं. ज्याच्याकडे पैसे नसत तो सोसायटीचं कर्ज काढून बचत पत्रं घ्यायचा आणि बचत केली म्हणून समाधानाने घरी जायचा.

माझा कागद जवळजवळ कोरा होता. पगार झाला की तो मी आईच्या हातात देत असे, आणि आईच्या हातातून तो किराणा, दूध, दवाखाना अशा मार्गाने निघून जाई. लेखापालांनी कागद पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"घरभाडं किती भरता?"

"घर आमचंच आहे."

"आमचं म्हणजे तुमच्या नावावर?"

"नाही, वडिलांचं."

"मग तुम्ही भाडेकरू आहात," ते म्हणाले. "वडिलांना दरमहा भाडं द्या, पावत्या आणा. घरभाडे भत्त्याचा मोठा भाग करातून सुटेल. कायद्यात बसतं. मात्र भाडं खरोखर द्यावं लागतं, एवढं मी तोंडी सांगून ठेवतो."

"बाकीचे देतात?"

"बाकीचे पावत्या आणतात," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. दोन वर्षांपूर्वी ते नगरपालिकेच्या जकात नाक्यावरून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी पावत्या फाडल्या. शेंगदाण्याची पोती, सिमेंट, कापडाचे तागे, पावतीशिवाय काही गावात येऊ दिलं नाही. एका उन्हाळ्यात माझे मामा अमळनेरहून आमच्यासाठी आंब्याच्या चार पाट्या घेऊन आले, तर नानांनी नाक्यावर त्यांच्याकडून जकात घेतली होती. दुपारी आमरसाला दोघे शेजारी बसले.

मी त्यांच्यापुढे ऑफिसातला पावतीचा नमुना ठेवला आणि म्हणालो, "नाना, इथे सही लागेल. बारा आहेत."

त्यांनी पहिली पावती वाचली, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा वाचली.

"रक्कम कुठे आहे?"

"ही लिहिली आहे की."

"लिहिली आहे. ती कुठे आहे?"

"ही नुसती पावती आहे नाना, टॅक्ससाठी."

"नुसती पावती असं काही नसतं," नाना म्हणाले. "रक्कम न घेता पावती फाडली म्हणून आमच्या नाक्यावरचा एक माणूस घरी गेला. चांगला माणूस होता."

त्या वर्षीचा कर मी पूर्ण भरला. नाना मात्र कामाला लागले. त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून शंभर पानांचं पावती पुस्तक आणलं, प्रत्येक पानावर आकडे टाकण्याचं यंत्र मारून आणलं आणि स्टँप पेपरवर अकरा महिन्यांचा करार स्वतःच्या अक्षरात लिहून काढला. वरची पत्र्याची खोली मला देण्यात येत होती. मोरी सकाळी साडेसहा ते सात या वेळेत वापरायची. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भिंतीत खिळा ठोकायचा नाही. जनावर पाळायचं नाही. एकूण सतरा कलमं होती.

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "आणि जेवण?"

"करारात जेवण नाही," नाना म्हणाले. "ते तू आई म्हणून घालतेस. त्याचा या कागदाशी संबंध नाही."

एप्रिलच्या एक तारखेला संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारावर टकटक झाली. आमच्या घरात तोवर कोणी दार वाजवलेलं मला आठवत नाही.

"कोण?"

"मालक," बाहेरून नाना म्हणाले.

ते आत आले, खुर्चीवर बसले, नोटा दोनदा मोजल्या, महसुली तिकीट जिभेला लावून चिकटवलं, तिकिटाच्या अंगावरून सही केली आणि पावती फाडून मला दिली. मग भिंतींवरून नजर फिरवली. कॅलेंडर ज्या खिळ्यावर होतं तो खिळा करारापूर्वीचा असल्याची त्यांनी वहीत नोंद केली. खाली जाताना जिन्यात थांबून ते म्हणाले, "उद्या सकाळी दूध तू आण. माझा गुडघा दुखतोय." ते वडील म्हणून म्हणाले होते. आवाजातच फरक होता.

उन्हाळा वाढला तसा माझ्या खोलीचा पत्रा दुपारनंतर नुसता भाजू लागला. रात्री आठ वाजतासुद्धा गादीला हात लावला तर गरम लागायची. मी जेवताना नानांना म्हणालो की पत्र्याखाली निदान बांबूच्या तट्ट्या लावून घेऊ. त्यांनी घास गिळला आणि सांगितलं की भाडेकरूच्या तक्रारी तोंडी घेतल्या जात नाहीत. मी अर्ज लिहिला. चौथ्या दिवशी तो माझ्या ताटाशेजारी परत आला. वर लाल शाईत शेरा होता, 'प्रकरण विचाराधीन.' मग आम्ही तिघेही नेहमीसारखे अंगणात खाटा टाकून झोपलो. अंगण करारात नव्हतं, पण तिथे नाना अडवत नसत.

मला हे सगळं गमतीचं वाटत होतं, आईला नाही. पूर्वी पूर्ण पगार तिच्या हातात पडे. आता त्यातून भाडं वजा होऊन नानांकडे जाई आणि ते नाना पोस्टात वेगळ्या पासबुकात टाकत. महिनाअखेरीला तिला पैसे कमी पडले की ती नानांकडे मागे. नाना शांतपणे समजावत की भाड्याचं उत्पन्न वेगळं आणि संसाराचा खर्च वेगळा, एकात दुसरं मिसळलं की हिशेबाचं वाटोळं होतं. आई अमळनेरजवळच्या खेड्यातली. एरवी आमच्याशी शहरी मराठीत बोलायची, पण राग आला की माहेरची अहिराणी बोले. त्या दिवसांत घरात अहिराणी फार वाढली होती.

"मी काय आठे पाहुनी शे का?" ती एकदा म्हणाली. मी इथे पाहुणी आहे का, असं ती विचारत होती. नाना म्हणाले, पाहुणी नाही, तू मालकाची पत्नी आहेस. आईने त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही.

जूनमध्ये चोपड्याकडचं एक कुटुंब मला बघायला आलं. मुलीचे वडील शिक्षक होते, स्वभावाने सरळ वाटले. पोहे झाले. त्यांनी घरावरून नजर फिरवली आणि विचारलं, "घर स्वतःचं, नाही का?"

"माझं स्वतःचं," नाना म्हणाले. "मुलगा भाड्याने राहतो."

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"म्हणजे दुसरीकडे राहतात?"

"इथेच. वरच्या खोलीत. वेळेवर भाडं देतो, त्याबद्दल तक्रार नाही. करार फेब्रुवारीअखेरपर्यंत आहे. पुढे वाढवायचा की नाही, ते बघू."

मुलीच्या वडिलांनी चहा अर्धा ठेवला. आठवड्याने पत्र आलं की मुलीला अजून शिकायचं आहे. आई दोन दिवस नानांशी बोलली नाही. नानांना आपलं काय चुकलं तेच समजलं नाही. ते मला म्हणाले, "मी खोटं बोलायला हवं होतं का?"

त्या वर्षी मी बारा पावत्या दिमाखात जोडल्या आणि माझा बराच कर वाचला. लेखापाल पावत्यांवरचे क्रमांक, तिकिटं, आडव्या सह्या बघून म्हणाले, "अशा पावत्या मी नोकरीत पाहिल्या नाहीत." मला वाटतं, घात त्यामुळेच झाला. मे महिन्यात धुळ्याहून हिशेब तपासणीस आले. आमच्या ऑफिसातल्या इतर लोकांच्या पावत्या चुरगळलेल्या, एकाच पेनने एकाच दिवशी लिहिलेल्या. त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्या इतक्या नीटनेटक्या होत्या की त्यांना संशय आला. त्यांनी लेखी आक्षेप काढला. मालक आणि भाडेकरू यांचा पत्ता एकच कसा, याचा खुलासा करावा.

मी तो कागद घरी दाखवला. नानांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर सरकारने त्यांना प्रथमच काही विचारलं होतं.

"त्यांना इथे घेऊन ये," ते म्हणाले. "जागा बघू देत, करार बघू देत."

"नाना, ते कशाला येतील?"

"भरीत-पुरी आहे म्हणून सांग."

तपासणीस विश्रामगृहात उतरले होते आणि चार दिवस तिथल्या खानसाम्याच्या हातची तीच डाळ जेवत होते. ते आले. बुटके, घामाघूम गृहस्थ, हातात फाइल. नानांनी त्यांना सगळी जागा फिरून दाखवली. मोरीची वेळ सांगितली, खिळा दाखवला, तट्ट्यांचा माझा अर्ज दाखवला. "विचाराधीन आहे," ते म्हणाले. तपासणीसांनी मान डोलावली. एका कार्यालयातला माणूस दुसऱ्या कार्यालयातल्या माणसाशी बोलतो तसं त्यांचं चाललं होतं.

आईने पानं वाढली. तपासणीस तिला म्हणाले, "आणि आपण कोण?"

"मालकांची पत्नी," आई म्हणाली. "आणि भाडेकरूची आई."

त्यांनी तेही लिहून घेतलं. दुसऱ्यांदा भरीत घेतल्यावर ते नानांना म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे. फक्त मालकीचा एक कागद लागेल. खरेदीखत असेल तर उत्तम."

"घरपट्टीची बिलं आहेत. माझ्या नावाची."

"घरपट्टी राहणाऱ्याच्या नावाने निघू शकते. खरेदीखतच बरं."

खरेदीखत कुठे आहे ते नानांना आठवेना. आई उठली, हात धुतले, आतल्या खोलीतल्या लोखंडी पेटीतून एक फडक्यात बांधलेला कागद काढून आणला आणि तपासणीसांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी डाव्या हाताने तो उलगडला आणि चावता चावता वाचू लागले. मग त्यांचं चावणं थांबलं.

"घर तर बाईंच्या नावावर आहे," ते म्हणाले.

तेवीस वर्षांपूर्वी घर घेताना निम्म्याहून जास्त रक्कम आईच्या वडिलांनी दिली होती. ते अमळनेरला जिनिंग कारखान्यात कापूस तोलण्याच्या कामावर होते. घर लेकीच्या नावाने होईल या अटीवर त्यांनी पैसे दिले आणि नानांनी ती अट मान्य केली होती. हे त्यांना कधीकाळी माहीत होतं. पण घरपट्टीच्या बिलावर दर वर्षी स्वतःचं नाव वाचून वाचून ते विसरून गेले होते. नाना खोटं बोलणारे नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला आणि स्वतःच्या सासऱ्यांची सही बराच वेळ बघत राहिले.

"तू बोलली का नाहीस?" त्यांनी आईला विचारलं.

"माले कोनी इचारंच नही," आई म्हणाली आणि तपासणीसांना पुरी वाढली.

तपासणीस भले माणूस निघाले. ते म्हणाले की भाडं मालकिणीऐवजी तिच्या पतीने स्वीकारलेलं दिसतं, त्यामुळे कायद्याने पाहिलं तर पावत्या बाद आहेत आणि सूट परत घ्यावी लागेल. पण मालकिणीने पतीला वसुलीचा अधिकार दिला होता असं लिहून दिलं, तर आक्षेप मागे घेता येईल.

आम्ही तिघांनी आईकडे पाहिलं.

"मी असा अधिकार कोणाला दिला नव्हता," आई म्हणाली.

तपासणीस पाणी प्यायले. मी तिला म्हणालो, "आई, सही कर, नाहीतर मला सगळा कर भरावा लागेल." ती म्हणाली, "करते की. पण अधिकार दिला म्हणजे वसूल झालेले पैसे माझे झाले. ते आधी माझ्या हातात येऊ देत."

नाना उठले आणि पोस्टाचं पासबुक घेऊन आले. वर्षभराच्या भाड्यातला एकही पैसा त्यांनी काढलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे पोस्टात गेले. नानांनी रक्कम काढली, आईने त्याच खिडकीवर तिची किसान विकास पत्रं घेतली. साडेपाच वर्षांत दुप्पट होतात, असं गल्लीतल्या पोस्टाच्या एजंट बाईने तिला कधीचं सांगून ठेवलं होतं. दुपारी तिने अधिकारपत्रावर सही केली. ती चौथी शिकलेली होती. प्रत्येक अक्षर लिहून झाल्यावर ती थांबून त्याच्याकडे बघे. सहीला दहा मिनिटं लागली आणि तेवढा वेळ नाना टेबलाशी उभे होते.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मला चांगले आठवतात, कारण घरात फार शांत होतं. पावती पुस्तक कपाटावर पडून होतं. नाना सकाळी पेपर वाचत आणि वाचून झालेला पुन्हा वाचत. दार वाजवत नसत. एका संध्याकाळी मी भाजी घेऊन आलो तर ते अंगणात पायरीवर बसले होते. मला म्हणाले, "मी इथे काय म्हणून राहतो, त्याचा काही कागद नाही." ते गंमत करत नव्हते. मला हसू आलं नाही.

आईने ते आतून ऐकलं असावं. एक तारखेला तिने कपाटावरचं पुस्तक काढलं, झटकलं आणि नानांच्या पुढे ठेवलं.

"मला इतकं लिहायला जमत नाही," ती म्हणाली. "तुम्ही लिहा, मी सही करते. महिन्याला दहा रुपये देईन."

"दहा कशाचे?"

"वसुलीचे."

नानांनी विचार केला. "नेमणुकीचं पत्र लागेल," ते म्हणाले. ते त्यांनीच लिहिलं आणि आईने त्यावर सही केली. अर्ध्या तासात माझ्या दारावर टकटक झाली.

"कोण?"

"वसुली," नाना म्हणाले. आवाज पूर्वीचा होता.

मालक बदलल्याचा मला फायदा झाला. त्याच आठवड्यात पत्र्याखाली तट्ट्या बसल्या. मोरीची वेळ उठली. लग्नाची बोलणी यापुढे मालकीण स्वतः करील, असंही ठरलं आणि पुढल्या वर्षी माझं लग्न झालं. माझ्या बायकोला पहिल्या एक तारखेला जिन्यावर बसवून मी सगळं समजावलं. ती सुरुवातीला हसली. मग नाना आले आणि त्यांनी तिलाही करारात सहभाडेकरू म्हणून घेतलं.

पुढे एका अर्थसंकल्पात करमुक्त उत्पन्नाची मर्यादा वाढली. लेखापालांनी माझा कागद तपासला आणि म्हणाले, तुम्ही कराच्या खाली आलात, आता पावत्या आणू नका. मी आनंदाने घरी येऊन सांगितलं. नानांनी आईकडे पाहिलं. आई तांदूळ निवडत होती.

"सरकारनी टॅक्स माफ कया," ती म्हणाली. "मी भाडं माफ कयं नही."

तर मी भाडं देत राहिलो. पहिली पत्रं दुप्पट झाली तेव्हा त्यातून आईने पत्रा काढून वर स्लॅब टाकला आणि भाडं वाढवलं.

नंतर मला बढती मिळाली, धुळ्याला बदली झाली, वेतन आयोगाने पगार वाढवला आणि मी पुन्हा करात आलो. देवपुरात दोन खोल्या मिळाल्या. घरमालक निवृत्त कंडक्टर होते. माणूस मोकळा, पण पावती देत नव्हते. "पावती दिली की उत्पन्न दिसतं," ते म्हणायचे. आयुष्यात प्रथमच मी परक्या माणसाला भाडं देत होतो आणि ते सिद्ध करता येत नव्हतं. ऑफिसातल्या एकाने सुचवलं की जळगावच्या पावत्या आणा. मी फोनवर नुसता विषय काढला, तर नाना म्हणाले, "तू आता इथे राहत नाहीस," आणि फोन आईकडे दिला. आई म्हणाली, "आम्ही येतो."

रविवारी दोघे एसटीने आले. आईने दोन्ही खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, भिंतीच्या ओलीवर हात ठेवला. मग आमच्या घरमालकांना बोलावलं. मी चहा ठेवायला आत गेलो. बाहेर मालकिणीचं आणि मालकाचं बोलणं सुरू झालं. भाडेकरू खिळे ठोकतात, दिवे चालू ठेवतात, भाडं द्यायच्या दिवशी बरोबर गावाला जातात. दोघांचं चांगलंच जमलं. मी चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा घरमालक पावती द्यायला तयार झाले होते आणि नाना त्यांना तिकीट कुठे लावायचं ते दाखवत होते.

"भाडं मात्र तुमचं फार कमी आहे हो," आई त्यांना म्हणत होती. "आमच्या जळगावला एवढ्यात एक खोली मिळत नाही."

पुढच्या महिन्यापासून पावत्या मिळू लागल्या आणि भाडं वाढलं. करात जेवढे वाचले त्याहून थोडे जास्तच वर गेले. संध्याकाळी स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा मी आईला विचारलं की तू माझ्या बाजूने आली होतीस की घरमालकांच्या. गाडी लागली होती, नाना जागा धरायला आत चढले होते. आईने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"त्यानं बी घरच शे ना," ती म्हणाली, म्हणजे त्याचंही घरच आहे ना, आणि गाडीत चढली.